गोलावर नसलेलं घर

“लग्नाचं बोलायला आलेलो न्हाई मी,” दारातला माणूस म्हणाला. “ते झालं गेलं. मुकुंद शितोळे तुमीच का?”

रविवारची सकाळ होती. महिनाभर गळणारा स्वयंपाकघरातला नळ आज दुरुस्त झालाच पाहिजे, असं मंगलनं म्हणजे माझ्या बायकोनं बजावलं होतं, त्यामुळे मी बनियनवर आणि हातात पाना घेऊन दार उघडलं होतं. समोर साठीचा गृहस्थ. पांढरा सदरा, पांढरी टोपी, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांब सुरळी.

“हो, मीच. आपण?”

“जोतीराम देवकर. कारंदमाळचा.”

नाव ऐकलं आणि पाना कुठे ठेवावा ते मला कळेना. या माणसाला मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. पण दीड महिन्यापूर्वी त्याच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं, ते माझ्या एका वाक्यावर.

ही गोष्ट सतरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी पुण्यात एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचं काम करत असे. संध्याकाळी घरी आलो की दुसरं काम, बिनपगारी. कॉम्प्युटरवर पृथ्वीचा गोल फिरवून हवं ते गाव जवळ आणून बघता येऊ लागलं होतं. उपग्रहातून काढलेले फोटो असत ते, त्यामुळे इमारती सपाट दिसत, पापड वाळत घातल्यासारख्या. त्या उभ्या करायचं काम आमच्यासारख्या हौशी लोकांवर सोडलेलं होतं. इमारतीची मापं घ्यायची, चारी भिंतींचे समोरून फोटो काढायचे, कॉम्प्युटरवर तिचा सांगाडा उभा करून त्यावर ते फोटो चिकटवायचे आणि पाठवून द्यायचे. परदेशात बसलेली तपासनीस मंडळी ते पारखत. पसंत पडलं की इमारत गोलावर उभी राही आणि खाली आपलं नाव येई. माझ्या तेव्हा एकेचाळीस इमारती लागल्या होत्या. “जगाला घरं वाटत सुटलाय, स्वतःच्या घरातला नळ गळतोय,” असं मंगल म्हणायची. पण नातेवाइकांत माझा भाव वाढला होता. कुणी प्लॉट घ्यायचा, कुणी भाड्यानं जागा बघायची, की आधी मला फोन. मीही नाकानं कांदे सोलत उत्तरं द्यायचो.

त्यातच कुसुममावशीच्या रणजितसाठी कारंदमाळचं स्थळ आलं. मध्यस्थ होते वसंतकाका, मावशीचे थोरले दीर, विट्याला राहणारे. मुलगी एम.एस्सी., वडील गलाईवाले. विट्याकडची शेकडो माणसं देशभर पांगून हा धंदा करतात, जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचा. देवकर कोइमतूरला अठ्ठावीस वर्षं काढून गावी परतले होते आणि त्यांनी मोठं दुमजली घर बांधलं होतं. मुलगी बघायला जायचा दिवस ठरत होता. मावशी म्हणाली, “मुकुंदा, तुझ्या त्या गोलावर बघ रे जरा, घर कसं आहे ते.”

मी मावशीच्या दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर, पृथ्वी गरकन फिरवली. देवकरांनी फोनवर पत्ता चोख सांगितला होता. मारुतीच्या देवळापासून पश्चिमेला, ओढ्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीसमोर. देऊळ दिसलं, ओढा दिसला, टाकी दिसली. टाकीसमोर पत्र्याचं एक शेड होतं आणि एक बाभळ.

“इथे घर नाही,” मी म्हणालो.

“नीट बघ.”

“मावशी, माझं कामच आहे हे. घर नाही म्हणजे नाही. गोठा आहे.”

एवढंच. लग्नाआधीच जो माणूस नसलेलं घर सांगतो तो पुढे काय काय सांगेल, असं मावशी म्हणाली, आणि ते कुणालाही पटण्यासारखंच होतं. वसंतकाकांनी निरोप कळवला. मला मात्र त्या दिवशी शाबासकी मिळाली. दोनशे मैलांची फेरी वाचवली म्हणून रणजितनं मला जेवायला नेलं.

आता तोच माणूस माझ्या खुर्चीवर बसून मंगलनं दिलेला चहा बशीतून पीत होता. चहा संपल्यावर त्यानं सुरळी सोडली. चौकटीचा मोठा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेलं घर. चारी बाजूंनी वेगवेगळं, फूट, इंच आणि सुतापर्यंत मापं लिहिलेली. मी वीस वर्षं नकाशे काढत होतो, पण इतकी स्वच्छ रेघ मला साधली नसती.

“तुमी कुटं बघितलं ते दावा की मला,” जोतीराम म्हणाले.

खरं तर मला ते दाखवायचंच होतं. मनात कुठेतरी वाटत होतं की हा म्हातारा थाप मारतोय आणि आत्ता तोंडावर पडणार. मी कॉम्प्युटर लावला. देऊळ, ओढा, टाकी, शेड.

ते पुढे वाकून बघत राहिले. मग हसले. “हे म्हशीचं शेड. माझंच. आमची गंगी हुती हितं. तिला जाऊन पाच वर्सं झाली. शेड पाडलं अन् तितंच पाया घातला.”

माझी नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे बारीक अक्षरांत फोटोची तारीख असते. रोज तासन्‌तास मी त्या पडद्यासमोर बसायचो, पण ती तारीख कधी वाचली नव्हती. फोटो सहा वर्षांपूर्वीचा होता.

“चित्र जुनं आहे हे,” मी म्हणालो.

“म्हंजी चूक चित्राची?”

“हो. चित्राचीच.”

“बरं,” ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून मंगलही बघत होती.

मग ते सांगू लागले. आवाज चढला नाही की रडवेला झाला नाही. “कोइमतूरला अठ्ठावीस वर्सं दहा बाय दहाच्या खोलीत काढली. खाली भट्टी, वर आमी. लोकं यायची, बायकोचं मंगळसूत्र, आईच्या पाटल्या माझ्या हातात देऊन जायची. पावती न्हाई, काय न्हाई. माझ्या शब्दावर. त्या पेठंत आमच्या नावाकडं कधी कुनी बोट दावलं न्हाई. अन् आता गावात, पावण्यात बोलत्यात, देवकरानं नसलेलं घर सांगितलं. तुमच्या मावशीच्या नंतर आनि दोन ठिकाणं आली. दोनी गप झाली. का, ते कुनी सांगत न्हाई, पर मला कळतंय. पोरीचं हुईल कुटंबी, ती हुशार हाय. माझं काय? मी खोटा म्हणून मरायचं का?”

मी कॉम्प्युटर बंद केला.

“तुमी त्या गोलावर घरं घालता म्हणं. वसंतराव सांगत हुते. माझं घर घाला. चूक चित्राची हाय तर चित्र दुरुस्त करा. बास.”

मला हायसं वाटलं. अगदी खरं सांगतो, हायसं वाटलं. हे मला येत होतं. घर गोलावर उभं राहिलं की मावशीला बोलवायचं, “अगं, गोल आता नवा झाला” म्हणायचं, आणि कुणाची चूक, कधीची चूक, हा विषयच निघायचा नाही. मी त्यांना तिथल्या तिथे शब्द दिला.

पुढच्या रविवारी पहाटेची गाडी धरून विट्याला उतरलो. जोतीराम मोटरसायकल घेऊन आले होते. कारंदमाळला पोचलो तेव्हा दहा वाजले असतील. टाकीसमोर ते घर उभं होतं. फिकट पिवळं, दुमजली, पुढे ऐसपैस ओटा, आणि खिडक्याच खिडक्या. मी मोजल्या, एकवीस निघाल्या. भट्टीवरच्या त्या खोलीला एकही खिडकी नव्हती, असं ते येताना सांगत होते. घराच्या एका भिंतीला टेकून मी उभा राहिलो. ऊन खाऊन ती गरम झाली होती. जे नाही म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं होतं, त्याला आता माझी पाठ टेकलेली होती, आणि मला मान वर करवेना.

“आप्पा, टेप कोण धरणार?” आतून एक मुलगी बाहेर आली. पंजाबी ड्रेस, वेणी, हातात पन्नास फुटी टेप. शैलजा. तिनं मला नमस्कार केला नाही आणि टाळलंही नाही. “तुम्हीच का ते गोलवाले?”

“हो.”

“मापं कागदावर आहेत. पण तुम्ही स्वतः घ्या. दुसऱ्याच्या मापावर विश्वास कशाला ठेवायचा?”

तिचा टोला बरोबर बसला, पण काम ती जीव लावून करत होती. मी म्हणेन त्या कोपऱ्याला टेप लावायची, आकडा खणखणीत वाचायची. जोतीरामांच्या कागदावरच्या मापात आणि आमच्या मापात अर्ध्या इंचाचाही फरक सापडला नाही. तिसऱ्या भिंतीनंतर मी मोजायचं सोडून नुसत्या त्यांच्या कागदावर बरोबरच्या खुणा करू लागलो. तेव्हा तिनं टेप गुंडाळली आणि गच्चीच्या पायरीवर बसली.

“एक विचारू?”

“विचारा.”

“आप्पांचा फोन नंबर होता ना तुमच्याकडे? पत्ता त्यांनी फोनवरच सांगितला होता.”

“होता.”

“मग घर दिसलं नाही तर परत फोन का नाही केला? देवकर, घर दिसत नाही, कुठे आहे, एवढंच विचारायचं.”

मी कॅमेऱ्याच्या भिंगावर फुंकर मारून ते पुसत राहिलो. सुचलंच नाही, हे खरं उत्तर होतं, आणि ते द्यायची लाज वाटत होती. पडद्यावर दिसत असताना माणसाला काय विचारायचं, असं तेव्हा मनात होतं.

फोटो काढायला लागलो तर जोतीराम दारात येऊन उभे. टोपी नीट बसवलेली, हात मागे.

“जरा बाजूला व्हाल का? माणूस चालत नाही यात,” मी म्हणालो.

“घर माजं अन् मीच नगं?”

“नियम आहे. नुसती भिंत पाहिजे. माणूस, वाळत घातलेलं, गाडी, काही नको.”

“असली कसली घरं म्हणायची ही,” असं पुटपुटत ते ओट्यावरून खाली आले. वाळत घातलेले कपडे काढले गेले, मोटरसायकल शेजाऱ्याच्या दारात गेली, आणि घर एकदम कुणी राहत नसल्यासारखं दिसू लागलं.

अडचण आली ती उत्तरेच्या भिंतीला. जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे, त्यामुळे त्या भिंतीवर दिवसभर सावली. फोटो काळाकुट्ट येत होता. मी सांगितलं की उन्हाळ्यात, मे-जूनला, सूर्य वर आला की या भिंतीवर ऊन पडेल, तेव्हा पुन्हा यायला हवं. जोतीराम तडक आत गेले आणि पितळेची एक मोठी परात घेऊन आले. लग्नकार्यात कणीक मळायची असते तेवढी. चिंचेनं घासून लख्ख केलेली. ती त्यांनी अंगणाच्या टोकाला उन्हात तिरकी धरली आणि भिंतीवर उजेडाचा मोठा गोल उमटला. शैलजानं दुसरी आणली. मग शेजारच्या दोन बायका आपापल्या पराती घेऊन आल्या. चार परातींनी एक एक पट्टा उजळत आम्ही ती भिंत पुरी केली. जोतीरामांच्या कपाळावरून घाम वाहत होता, पण परात हलली नाही. त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली. हे सगळं माझ्या एका वाक्यापायी चाललं होतं.

दुपारी जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, अख्ख्या मसुराची आमटी, खर्डा, आणि शेवटी शैलजाच्या आईनं कोइमतूरला शिकलेलं रसम. माझ्या चुकीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही काढला नाही. निघताना जोतीरामांनी ताज्या गुळाची ढेप पिशवीत घातली. “लवकर हुईल न्हवं?” एवढंच विचारलं.

“आठवडाभरात,” मी म्हणालो.

आठ रात्री बसून मी ते घर उभं केलं. एकवीस खिडक्या, ओटा, गच्चीचा कठडा, सगळं. एकेचाळीस इमारती केल्या, पण इतकं नेमकं काम माझ्या हातून झालं नव्हतं. मंगल एरवी माझ्या पडद्याकडे ढुंकून बघत नसे. त्या दिवशी ती मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “छान आहे हो घर.” मी ते पाठवून दिलं.

सहाव्या दिवशी उत्तर आलं. नामंजूर. कारण एका ओळीत दिलं होतं: या जागी इमारत दिसत नाही.

मी असा भडकलो की मंगल आतून धावत आली. “काय समजतात काय स्वतःला? मी तिथे जाऊन आलोय! माझ्या हातानं मापं घेतली आहेत! हे तिकडे खुर्चीत बसून, जुना फोटो बघून सांगणार की घर नाही! एक मेल करून विचारता येत नव्हतं? उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या...”

मंगलनं फक्त माझ्याकडे बघितलं. आणि मला माझंच बोलणं ऐकू आलं. मी खाली बसलो.

पण माणूस इतक्या सहजासहजी सुधारत नाही. दुसऱ्या दिवशी मला एक युक्ती सुचली. तपासनिसांनी नाकारलं तरी मी केलेलं घर माझ्या लॅपटॉपवरच्या गोलावर दिसतच होतं, फक्त माझ्यापुरतं. महिनाअखेर पुण्यातच रणजितचा साखरपुडा होता, कराडच्या मुलीशी. सगळे पाहुणे तिथे येणार, वसंतकाकाही. लॅपटॉप न्यायचा, गोल फिरवायचा, कारंदमाळ जवळ आणायचं. घर उभं! जगाला दिसतंय की फक्त मला, हे तिथे कुणाला कळणार आहे? मी खुशीत जोतीरामांना फोन लावला आणि बेत सांगितला.

त्यांनी आधी घरातल्यांना रेडिओ बारीक करायला सांगितलं.

“म्हंजी गोलावर घर न्हाई,” ते म्हणाले, “पर हाय म्हणून दावायचं.”

“घर आहेच ना पण!”

“घर हाय. गोलावर न्हाई. नसलेलं हाय म्हणून दावायचं ते खोटंच की, मुकुंदराव. माज्यावर आळ आला त्योच धंदा मी करायचा व्हय?”

“तुम्हीच म्हणाला होता, गोलावर घर घाला.”

“म्हणालो हुतो. कारण तुमी म्हणाला, चूक चित्राची. म्हणलं, बरं. चूक चित्राची तर चित्र दुरुस्त करा. मी वाट बगत हुतो. तुमी घरी आला, जेवला, दिसभर भिंती मोजल्या. म्हणलं आता बोलतील, मग बोलतील.” ते थांबले. “आमच्या धंद्यात एक रीत हाय. ज्या काट्यावर सोनं मोजून घेतलं, त्याच काट्यावर मोजून परत द्यायचं. दुसरा काटा लाखाचा असंल, त्यो चालत न्हाई. माजं घर तुमच्या तोंडानं गेलंय. ते मशीन बिचारं गपच बसलं हुतं.”

त्यांनी रागानं नाही, समजावल्यासारखं सांगितलं होतं, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. “ठेवतो आता,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साखरपुड्याला मी लॅपटॉप नेलाच. गोल बघायचाय म्हणून रणजितचे मित्र मागे लागले होते, असं मंगलला सांगितलं. खरं तर मीच अजून डळमळत होतो. विधी झाले, जेवणं झाली. हॉलमध्ये सतरंजीवर मंडळी पान चघळत बसली होती. कराडकर पाहुणे, आमची माणसं, मध्ये वसंतकाका. मावशी आनंदात होती आणि आनंदात ती गोष्टी सांगते.

“आमच्या मुकुंदामुळे वाचलो हो आम्ही,” ती नव्या विहीणबाईंना म्हणाली. “आधीचं एक स्थळ होतं, विट्याकडचं. दुमजली घर आहे म्हणाले. यानं वरून बघितलं तर म्हशीचा गोठा!”

सगळे खो खो हसले. कराडचे एक गृहस्थ म्हणाले, “आमचं घर पण तपासलंत की काय?” पुन्हा हशा. वसंतकाका तेवढे हसले नाहीत. सुपारी कातरत राहिले. हे स्थळ त्यांनी आणलं होतं.

“दाखव ना तो गोठा,” रणजित म्हणाला. “लॅपटॉप आणलाय ना?”

बॅग माझ्या मांडीजवळ होती. मी चेनला हात लावला. दोन मिनिटांचं काम होतं. घर दिसलं असतं, सगळे ‘अरेच्चा’ म्हणाले असते, मी आणखी मोठा ठरलो असतो. मी चेनवरचा हात काढला आणि उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती, पण बसून ते बोलता आलं नसतं.

“मावशी, ते घर आहे.”

“कुठलं?”

“देवकरांचं. कारंदमाळचं. दुमजली आहे, पिवळं आहे. त्यांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. चुकलो मी. मी जुना फोटो बघितला आणि तारीख वाचली नाही. त्यांना एक फोनही केला नाही. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.”

कुणीतरी पानाची पिचकारी मारायला उठलं होतं, ते तसंच उभं राहिलं. मावशीचा चेहरा उतरला. मंगल बायकांमध्ये बसली होती, तिनं डोळे मिटून घेतले.

“असं कसं?” रणजित म्हणाला. “तू तर दाखवलं होतंस आम्हाला. आता घर आहे म्हणतोस तर दाखव. लॅपटॉप उघड.”

“नाही उघडत.”

“मग कशावरून?”

“मी बघून आलोय. त्या भिंतीला हात लावून आलोय. मी सांगतोय म्हणून.”

आजवर मी नातेवाइकांना जे जे सांगितलं ते पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं. नुसतं माझ्या शब्दावर कुणी काही मानेल का, याची मी कधी परीक्षाच दिली नव्हती. मावशी तोंड फिरवून बसली. कराडकर एकमेकांकडे बघू लागले. ते चार-पाच क्षण मला अजून जसेच्या तसे आठवतात.

वसंतकाकांनी अडकित्ता मिटला. “तू जाऊन बघितलंस?”

“हो काका.”

“बरं. मग घर आहे,” ते म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

पुढचं व्हायचं ते झालंच. हॉलच्या मागच्या खोलीत मावशीनं मला गाठलं. “आजच सुचलं होय रे तुला हे? नव्या पाहुण्यांसमोर? एका शहाण्या मुलीचं घर मी तुझ्यापायी हिणवलं, आणि ते आज, माझ्या पोराच्या साखरपुड्यात कळायचं मला?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागे घेतले. रणजितनं माझ्याकडे बघितलंही नाही. आम्ही दोघं निरोप न घेताच निघालो. रिक्षा घराजवळ आल्यावर मंगल म्हणाली, “बरं केलंत,” आणि माझा हात हातात घेतला.

संध्याकाळी दिवेलागणीला फोन वाजला.

“जोतीराम बोलतोय.”

“बोला.”

“वसंतरावांचा फोन आलता. हॉलवरनंच केलता म्हणं. आता गावात सगळ्यास्नी ठावं झालंय. शैलीची आई मगापासनं रडतीया.” ते खाकरले. “मावशी काय म्हणाल्या?”

“बोलत नाही माझ्याशी.”

“अन् भाऊ? नवरदेव?”

“तोही नाही. आता बरेच दिवस आम्हाला कुणी बोलवेलसं वाटत नाही, आप्पा.” आप्पा कधी म्हणू लागलो ते माझं मलाच कळलं नाही.

त्यांच्या मागे कुणीतरी खिडक्या लावत असल्याचा आवाज येत होता, एकामागून एक.

“मग मंडळींना घिऊन इकडं या की चार दिस,” ते म्हणाले. “कुनी बोलवत न्हाई म्हणून काय झालं? घर हाय हितं.”